बेस गिटार : खोल घुमारा की स्पष्ट सूर?

नवरात्र आले की यवतमाळचा दुर्गोत्सव पाहण्यासाठी जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यांतून माणसे शहराकडे निघतात. वणी, पुसद, दिग्रस, उमरखेड, पांढरकवडा या गावांतही गणेशोत्सवापासून भीमजयंतीपर्यंत आणि पुढे लग्नसराईत वाद्यवृंदांना मागणी असते. गायक, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी किंवा तबला, एखादी गिटार आणि बेस गिटार एवढा त्यांचा संसार. ज्या संचात बेस गिटारवादक नसतो, तेथे कीबोर्डवादकाचा डावा हात ते काम सांभाळतो. श्रोत्यांचे लक्ष सहसा गायकाकडे असते. बेस गिटारकडे ते दोनच प्रसंगी जाते : ती अचानक थांबली तर, किंवा तिच्या गडगडाटात गाण्याचे शब्द बुडाले तर.

हा दुसरा प्रसंग आपल्याकडे वारंवार येतो. त्याचे मूळ एका जुन्या निवडीत आहे. बेस गिटारचा नाद पोटात जाणवेल इतका खोल असावा, की प्रत्येक सूर सुटा ऐकू येईल इतका स्पष्ट? नव्याने वाद्य हाती घेणारा तरुण बहुधा पहिल्या पर्यायाकडे झुकतो. त्यामागील विज्ञान आणि व्यवहार समजून घेतला, तर निवड सोपी होते.

नादाची घडण

चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार, म्हणजे ई, सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. पुढील ए, डी आणि जी या तारांची कंपने अनुक्रमे ५५, ७३ आणि ९८ असतात. पाच तारांच्या वाद्यात ई तारेच्याही खाली, सुमारे ३१ कंपनांची बी तार असते. तथापि कोणतीही तार केवळ आपल्या मूळ कंपनसंख्येत बोलत नाही. तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे उपस्वर त्याच वेळी उमटतात. मूळ स्वराचे प्राबल्य असेल, तर नाद खोल व गोल वाटतो. उपस्वर ठळक असतील, तर सूर रेखीव वाटतो.

व्यवहारात हे पट्टे असे ओळखता येतात. ४० ते ८० हर्ट्झ हा अंगावर जाणवणारा घुमारा, तर ८० ते २०० हर्ट्झ हा नादाचा भरीवपणा. २०० ते ४०० हर्ट्झमध्ये ऊब असते; पण येथेच आवाज गढूळही होतो. ७०० ते १२०० हर्ट्झमध्ये सुराची कड आणि बोटाचा आघात कळतो. त्याहून वर तारेचा खरखराट व पडद्यांची टकटक येते.

आता कानाचा स्वभाव पाहू. अगदी खालच्या स्वरांना मानवी कान फार कमी संवेदनशील असतो. मध्यम पातळीच्या आवाजात ४० हर्ट्झचा स्वर १००० हर्ट्झच्या स्वराइतका मोठा वाटावा, यासाठी त्याची पातळी ३० डेसिबलहून अधिक वाढवावी लागते. उलट, उपस्वर नीट ऐकू आले तर मूळ स्वर क्षीण असतानाही मेंदू तो ओळखून काढतो. ट्रान्झिस्टरच्या तळहाताएवढ्या स्पीकरवर एका पिढीने चित्रपटगीतांतील बेस ऐकली, ती याच गुणामुळे. आज कार्यक्रमाची चित्रफीत मोबाईलवर पाहिली जाते. मोबाईलच्या इवल्या स्पीकरमधून ४० हर्ट्झचा स्वर जवळजवळ बाहेरच पडत नाही. ज्या वादकाच्या नादात उपस्वरच नाहीत, त्याचे वादन तेथे पूर्णपणे नाहीसे होते.

आणखी एक बाब निर्णायक आहे. मोठा खालचा आवाज आपल्याहून वरच्या आवाजांना झाकून टाकतो. वरचा आवाज खालच्याला त्या मानाने कमी झाकतो. म्हणून मर्यादेबाहेर वाढवलेली बेस आधी ढोलकीची थाप खाते आणि नंतर गायकाचे शब्द. भीमगीत असो, भावगीत असो वा भजन, शब्द हरवला की गाण्याचे प्रयोजनच हरवते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांवर वाढलेल्या विदर्भाच्या श्रोत्याला हे निराळे सांगायला नको.

डग्ग्याचा धडा

ही निवड आपल्या संगीताला परकी नाही. डग्ग्यावरचा ‘गे’ खुला असतो, तो घुमतो. ‘के’ बंद असतो, तो तिथल्या तिथे थांबतो. सगळेच बोल खुले ठेवले, तर ठेक्याचा नुसता गलबला होईल. सगळेच बंद केले, तर ठेका कोरडा पडेल. घुमाऱ्याला अर्थ येतो तो त्यानंतरच्या बंद बोलामुळे. चांगला तबलजी मनगटाच्या दाबाने डग्ग्याचा नाद कमी-अधिक करतो आणि तो कोठे संपवायचा हेही ठरवतो.

बेस गिटारलाही हाच नियम लागू पडतो. अस्पष्ट वाटणाऱ्या वादनात दोष अनेकदा यंत्राचा नसून न थांबवलेल्या सुरांचा असतो. मागचा सूर वाजतच राहिला आणि त्यावर पुढचा चढला, तर कोणताही इक्वलायझर त्यांना वेगळे करू शकत नाही.

दोन घराणी

पाश्चात्त्य संगीतात या दोन्ही नादांची जणू घराणीच आहेत. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणली. १९६० मध्ये दोन पिकअपची जॅझ बेस आली. अमेरिकेतील मोटाउन कंपनीच्या १९६० च्या दशकातील असंख्य ध्वनिमुद्रणांत जेम्स जेमर्सन यांनी प्रिसिजन बेसवर सपाट वेष्टणाच्या तारा लावून उबदार, भरीव नाद दिला. त्यांनी तारा बदलणे शक्यतो टाळले. त्यांच्या नादात चमक कमी असली, तरी स्वरावली गुणगुणता येईल इतकी स्वच्छ असे. कारण सूर कोठे सुरू करायचा आणि कोठे संपवायचा यावर त्यांचे प्रभुत्व होते. दुसऱ्या टोकाला जॅको पास्टोरिअस. १९७६ च्या आपल्या पहिल्या स्वतंत्र अल्बममधून त्यांनी पडदे नसलेल्या जॅझ बेसवर, घोडीजवळच्या पिकअपचा आधार घेत, बोलका नाद ऐकवला.

आपल्याकडे राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांची बेस गिटार होती. त्या काळातील गाणी पुन्हा ऐकताना केवळ खालच्या ओळीकडे कान लावावा. घुमारा मोजकाच, पण प्रत्येक सूर जागेवर आणि गायकाला वाट मोकळी.

मैदान आणि मंगल कार्यालय

घरी एकट्याने वाजवताना जो नाद भव्य वाटतो, तोच कार्यक्रमात निकामी ठरतो, याचे कारण जागा. ४१ हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे साडेआठ मीटर असते. पत्र्याच्या छताच्या किंवा उघड्या भिंतींच्या मंगल कार्यालयात अशा लहरी भिंतींवरून परततात. काही ठिकाणी त्या एकमेकींत मिसळून फुगतात, तर काही ठिकाणी एकमेकींना मारतात. परिणामी पहिल्या रांगेत बेस ऐकू येत नाही आणि कोपऱ्यातील श्रोत्याचे डोके उठते. अशा जागी खालचा भाग कमी करावा आणि २०० ते ४०० हर्ट्झचा पट्टा थोडा खाली आणावा.

मोकळ्या मैदानाचे गणित उलटे. लहरींना अडवायला भिंती नसतात, त्यामुळे बेस पातळ वाटते. मग घुंडी फिरवण्याचा मोह होतो. येथे एक हिशेब ध्यानात ठेवावा : ३ डेसिबल वाढीसाठी अँप्लिफायरला दुप्पट शक्ती लागते आणि १० डेसिबलसाठी दहापट. भाड्याने येणाऱ्या अनेक स्पीकर पेट्या ५० हर्ट्झच्या खाली झपाट्याने अशक्त होतात. तेथे दिलेली शक्ती आवाज न होता उष्णता होते, प्रसंगी स्पीकरचा पडदा फाडते. त्यापेक्षा खालच्या पट्टीच्या पेट्या जमिनीवर व एकमेकींना लागून ठेवाव्यात. एकाच ठिकाणी ठेवलेल्या दोन सारख्या पेट्या एकीपेक्षा सुमारे ६ डेसिबल अधिक देतात. शिवाय मिक्सरवर ३५-४० हर्ट्झच्या खालचा भाग छाटून टाकावा. त्यात संगीत फारसे नसते. असतो तो व्यासपीठावरील पावलांचा आणि वाऱ्याचा आवाज.

गायकाची पट्टी

निवडीत गायकाच्या पट्टीचाही वाटा आहे. गायकाची पट्टी काळी एक असेल, तर चार तारांच्या बेसवर सर्वांत खालचा षड्ज ए तारेच्या चौथ्या पडद्यावर, सुमारे ६९ हर्ट्झवर मिळतो. बहुतेक पेट्या तो व्यवस्थित वाजवतात. काळी चारच्या गायिकेसाठी खालचा षड्ज ई तारेच्या चौथ्या पडद्यावर, सुमारे ५२ हर्ट्झवर येतो. लहान पेट्यांवर तो दबतो. अशा वेळी डी तारेच्या सहाव्या पडद्यावरील १०४ हर्ट्झचा षड्ज घ्यावा. एक सप्तक वर गेल्याने खोली गेल्यासारखे वाटेल, पण सूर शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल.

बदल कोठून सुरू करावा?

खर्च नसलेल्या उपायांपासून. पहिला उपाय उजव्या हाताचा. मानेजवळ तार छेडली तर नाद गोल होतो, घोडीजवळ छेडली तर रेखीव. दुसरा, सूर वेळेवर थांबवण्याचा. तिसरा, पिकअपचा. मानेकडील पिकअप मूळ स्वर अधिक उचलतो, घोडीकडील उपस्वर. दोन्ही चालू ठेवून समतोल साधावा.

त्यानंतर तारा. गोल वेष्टणाच्या नव्या तारा तेजस्वी वाजतात. सपाट वेष्टणाच्या तारा मृदू असतात आणि दीर्घकाळ टिकतात. आपल्या जिल्ह्यातील कडक, कोरड्या उन्हाळ्यात मानेचे लाकूड आकसते. तिचा बाक कमी होऊन तारा पडद्यांवर घासू लागतात. पावसाळ्यात उलटे घडते. ऋतू बदलताना मानेतील सळई जाणकाराकडून जुळवून घेतली, तर नाद बिघडल्याची निम्मी तक्रार मिटते. नवा अँप्लिफायर घेण्याचा विचार या सर्वांनंतर करावा.

इक्वलायझर वापरताना वाढवण्याआधी कमी करण्याची सवय लावावी. खोली हवी असेल तर ८० ते १०० हर्ट्झ किंचित उचलावे, ४० नव्हे. स्पष्टता हवी असेल तर ८०० हर्ट्झच्या आसपास थोडी वाढ करावी. घरी एकट्याने ऐकताना हा नाद नाकात बोलल्यासारखा वाटतो, परंतु संपूर्ण संचात तो बरोबर बसतो. शेवटची परीक्षा व्यासपीठावर न घेता श्रोत्यांत उभे राहून घ्यावी. सहकाऱ्याला वाद्य द्यावे, वीस पावले दूर जावे आणि गायकाला गायला सांगावे. शब्द कळत असतील, तर बेस योग्य आहे.

शेजाऱ्यांचाही विचार

खालच्या आवाजाला भिंती अडवत नाहीत. खिडक्यांची तावदाने आणि पत्रे त्याला साथच देतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकांना मनाई असून सणांच्या मोजक्या दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. हे मोजमाप ज्या ‘ए’ मापनाने होते, ते ५० हर्ट्झचा आवाज सुमारे ३० डेसिबल कमी धरते. म्हणजे मापक शांत असतानाही शेजारच्या घरातील आजारी माणसाची झोप उडालेली असू शकते. ही जबाबदारी वादकाने आणि ध्वनियंत्रणा चालवणाऱ्याने स्वतःहूनच घ्यावयाची आहे.

तात्पर्य, छोट्या सभागृहातील संथ भावगीताला गोल नाद शोभतो. द्रुत ठेका आणि शब्दप्रधान गीत यांना रेखीव नाद हवा. संभ्रम असेल तेव्हा स्पष्टतेची बाजू घ्यावी. स्पष्ट सुरातून कान खोली शोधून काढतो. गढूळ खोलीतून सूर शोधणे मात्र त्याला जमत नाही.