संगणकाला कंठ कसा फुटला

विंडोजच्या संगणकावर फोन बसवायचा तर आज एक लहानशी फाइल उतरवून घेतली की झालं. मायक्रोसिप नावाचं फुकट सॉफ्टवेअर मिनिटभरात बसतं. खरी गंमत त्यानंतर सुरू होते. समोर एक फॉर्म उघडतो: सर्व्हर, प्रॉक्सी, डोमेन, युजरनेम, लॉगिन, पासवर्ड, ट्रान्सपोर्ट. सेटिंगमध्ये शिरलात तर स्टन सर्व्हर, आणि कोडेकची लांबलचक यादी. घरातला जुना काळा फोन यातलं काहीही विचारत नसे. रिसीव्हर उचलला की टोन आलाच. सेवा देणारी कंपनी काय भरायचं ते कळवते, आपण निमूटपणे भरतो आणि विसरतो. पण हे रकाने काही एका माणसाने एका बैठकीत आखलेले नाहीत. एकेक रकाना वेगळ्या दशकातला आहे, आणि त्याच्यामागे कुणाची तरी वेगळी अडचण आहे.

घराण्याचा मूळ पुरुष ट्रान्सपोर्टच्या रकान्यात भेटतो. तिथे बहुधा यूडीपी निवडलेलं असतं. त्याची गोष्ट १९७३-७४ची, म्हणजे विंडोजच्याच काय, घरगुती संगणकाच्याही आधीची. अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर चाललेलं अर्पानेट हे जाळं तेव्हा जेमतेम चार-पाच वर्षांचं होतं. त्याचा बाणा असा, की पाठवलेली माहितीची प्रत्येक पुडी पोचलीच पाहिजे, आणि तीही क्रमाने; मध्येच एखादी हरवली तर ती पुन्हा पाठवायची आणि मागच्यांनी तोवर थांबायचं. फाइल पाठवायला हे उत्तम. बोलायला मात्र हा बाणा घातकच. बोलण्याचा पाव सेकंद उशिरा आलेला तुकडा म्हणजे लग्न लागून गेल्यावर हाती पडलेली पत्रिका. तिच्यासाठी वऱ्हाड ताटकळत ठेवण्यापेक्षा ती न आलेली बरी.

हे ज्याला सर्वांत आधी नीट कळलं तो माणूस डॅनी कोहेन. जन्म हैफाचा, शिक्षण इस्राएल आणि अमेरिकेतलं. हार्वर्डला असताना त्याने साध्या संगणकावर विमान उडवण्याचा आभास निर्माण करणारा प्रोग्राम केला होता, त्यामुळे ‘आत्ताच्या आत्ता’ या गोष्टीची किंमत त्याला ठाऊक होती. दांडी ओढल्यावर दोन सेकंदांनी वळणारं विमान कोणाच्या कामाचं? १९७३ मध्ये तो दक्षिण कॅलिफोर्नियातल्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये आला आणि अर्पानेटवरून आवाज नेण्याच्या मागे लागला. ऑगस्ट १९७४ मध्ये ही संस्था आणि मॅसॅच्युसेट्समधली लिंकन प्रयोगशाळा यांच्यात, देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जाळ्यावरून दोन्ही बाजूंनी बोलणं झालं. (याच कोहेनने पुढे १९८० मध्ये ‘बिग एंडियन’ आणि ‘लिटल एंडियन’ हे शब्द संगणकवाल्यांच्या तोंडी बसवले. बुद्धी तिखट आणि जीभही.)

बोलणं झालं, पण कोहेन तेवढ्यावर थांबला नाही. इंटरनेटचे नियम ठरत होते तेव्हा टीसीपी हा एकच अवजड नियम सगळ्यांच्या माथी मारू नका, असं तो धरून बसला. टीसीपीचे दोन तुकडे झाले: खाली नुसतं पत्ता बघून पुढे ढकलणारं आयपी, वर पोचल्याची हमी देणारं टीसीपी. आणि हमी नको असलेल्यांसाठी १९८० मध्ये यूडीपी आलं. त्याचा मसुदा कोहेनच्याच संस्थेतल्या जॉन पोस्टेलने लिहिला. अवघी तीन पानं. आज व्हॉट्सअॅपचा कॉल असो की झूमची बैठक, आवाज शक्यतो याच वाटेने जातो. इंटरनेटवर फोन नंतर चिकटवला, असं आपण समजतो. प्रत्यक्षात इंटरनेटची चौकट ठोकली जात होती तेव्हाच आवाजासाठी तिच्यात एक दार ठेवायला लावलेलं होतं.

कोडेकची, म्हणजे आवाज आकड्यांत बदलण्याच्या पद्धतींची, यादी याच प्रयोगातून निघते, आणि तिथे कानपूरचा एक माणूस उभा आहे. टेलिफोन कंपन्या आवाज आकड्यांत बदलत त्या एका सेकंदाला ८,००० वेळा मोजून, दर मोजणीला ८ बिट. म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. जी.७११ हे नाव दिसतं ते हेच, १९७२ सालचं. अर्पानेटची तार होती सेकंदाला ५०,००० बिटची. सगळी तार एकट्याला दिली असती तरी एक माणूस तिच्यात मावत नव्हता! तोड निघाली ती जपानमध्ये इटाकुरा आणि साइटो यांनी, आणि अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत बिष्णू अटल आणि मानफ्रेड श्रोडर यांनी केलेल्या कामातून. अटल १९३३ मध्ये कानपूरला जन्मले, लखनौ आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकले, १९६१ मध्ये बेलमध्ये गेले. कल्पना अशी: माणसाचा गळा काही दर क्षणाला नवा आवाज काढत नाही. मागच्या काही मोजण्या हातात असतील तर पुढची बरीचशी सांगता येते. मग सगळा आवाज कशाला पाठवायचा? अंदाज बांधण्याचं सूत्र पाठवा आणि चुकलेलं तेवढं कळवा. डिसेंबर १९७४ मध्ये या पद्धतीने अर्पानेटवरून बोलणं गेलं ते सेकंदाला साडेतीन हजार बिटांत. यादीतली जीएसएम, स्पीक्स, जी.७२९ ही सगळी याच कुळातली. ओपसच्या अंगातही अर्धं रक्त हेच आहे.

यानंतर वीसेक वर्षं ही विद्या प्रयोगशाळांत आणि विद्यापीठांत राहिली. तिथल्या वर्कस्टेशनवर चालणारे प्रोग्राम होते, पण ते वापरायला आधी प्राध्यापक व्हावं लागे.

सामान्य माणसाच्या विंडोजवर फोन आणला तो इस्राएलमधल्या व्होकलटेक कंपनीने. अॅलॉन कोहेन आणि लिओर हरामाती हे तिचे संस्थापक. आधी त्यांनी कचेरीतल्या संगणकांना आपसात बोलतं करणारं व्होकलचॅट काढलं होतं. फेब्रुवारी १९९५ मध्ये त्यांचा ‘इंटरनेट फोन’ बाजारात आला. बसवणाऱ्याची कसोटी पाहणारा तो काळ. विंडोज ३.१ला इंटरनेटची भाषा जन्मजात येत नव्हती. ती टास्मानियाच्या पीटर टॅटमने लिहिलेल्या ट्रंपेट विनसॉकमधून शिकवावी लागे. साउंड कार्ड वेगळं घ्यावं लागे, आणि बहुतेक कार्डं एका वेळी एकच काम करत, ऐका नाहीतर बोला. त्यामुळे दोघांनी पाळीपाळीने बोलायचं.

आणि मोडेम १४.४चा. इथे थोडा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. आवाजाच्या प्रत्येक पुडीवर पत्ता, क्रमांक, वेळ असा ४० बाइटचा मजकूर बसतो. सेकंदाला ५० पुड्या पाठवल्या तर नुसत्या पत्त्यांचेच १६,००० बिट झाले. मोडेमची सगळी ताकद १४,४०० बिट. आत एक शब्द घालण्याआधीच गाडी भरली! उपाय एकच, पुडी मोठी करायची. पण पुडी मोठी म्हणजे ती भरेपर्यंत थांबणं आलं, आणि थांबणं आलं की बोलणारे एकमेकांच्या शब्दांवर पाय देणार. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असं टेलिफोनवाल्यांचं माप आहे. तेव्हाचे इंटरनेट फोन ते कुठल्या कुठे ओलांडत. तरी लोक बोलत होते, कारण दुसऱ्या पारड्यात आंतरराष्ट्रीय कॉलचं बिल होतं. मार्च १९९६ मध्ये अमेरिकेतल्या छोट्या लांब-पल्ला कंपन्यांच्या संघटनेने सरकारकडे अर्ज केला, की हे सॉफ्टवेअर विकण्यावरच बंदी घाला. तसं काही झालं नाही.

बोलायचं कोणाशी, हा प्रश्नही साधा नव्हता. डायल-अपवर दर वेळी नवा पत्ता मिळे. काल सापडलेला माणूस आज त्याच पत्त्यावर नसे. म्हणून व्होकलटेकने गप्पांच्या आयआरसी सर्व्हरचा आधार घेतला: आधी तिथे हजेरी लावायची, मग यादीतून माणूस निवडायचा. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये नेटमीटिंग काढलं, त्यातही अशीच सार्वजनिक यादी होती. विंडोज एक्सपीतही ते दडलेलं असे. रनमध्ये ‘कॉन्फ’ टाइप केलं की उघडायचं, आणि पहिल्याच वेळी वापरणाऱ्याकडून मायक्रोफोनसमोर मोठ्याने एक वाक्य वाचून घ्यायचं. आजचा फॉर्म ‘रजिस्टर’ करायला लावतो तो याच हजेरीचा वारसा. सर्व्हर, डोमेन, युजरनेम हे तीन रकाने तेवढ्यासाठीच आहेत: मी सध्या कुठे आहे ते सर्व्हरला सांगून ठेवा, माझ्यासाठी कोणी आलं तर इकडे पाठवा. या हजेरीची आणि घंटी वाजवण्याची रीत हेनिंग शुल्झरिन, मार्क हँडली आणि मंडळींनी सिप या नावाने मांडली. १९९९ मध्ये ती मानक झाली आणि २००२ मध्ये नव्याने लिहिली गेली. ती वाचायला सुटसुटीत आहे, मजकूर साधा, वेबपानाच्या वळणाचा. तिच्या कर्त्यांना एका गोष्टीने मात्र पुरतं छळलं.

ती गोष्ट म्हणजे एक कनेक्शन अनेकांत वाटून घेण्याची युक्ती, नॅट. १९९९च्या विंडोज ९८च्या दुसऱ्या आवृत्तीत ती घरबसल्या मिळू लागली. एका संगणकाला मोडेम, बाकीचे त्याच्या आडून. सायबर कॅफे यावरच चालले. आडच्या संगणकांना १९२.१६८ने सुरू होणारे घरगुती पत्ते मिळत. बाहेरच्या जगाला ते माहीतच नसतात. सिपचा फोन मात्र भाबडेपणाने चिठ्ठीत तोच पत्ता लिहून पाठवी: आवाज इथे धाडा. घंटी वाजे, समोरचा उचले, आणि मग एकीकडचा ‘हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?’ करत बसे. सॉफ्टफोन बसवून देणाऱ्या कुणालाही विचारा. ‘रजिस्टर झालं, घंटीही वाजते, पण आवाज एकाच बाजूने येतो’ ही तक्रार त्याला तोंडपाठ असेल. २००३ मध्ये स्टन आलं. बाहेरच्या एका सर्व्हरला विचारायचं, ‘मी तुला कुठल्या पत्त्यावरून दिसतो?’ आणि चिठ्ठीत तो पत्ता लिहायचा. फॉर्ममधला सर्वांत अनाकलनीय रकाना तो हाच. वर २००४ मध्ये एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने फायरवॉल आपोआप चालू करून दिली, आणि ‘अनब्लॉक करू का?’ हा आणखी एक प्रश्न आला.

स्काइपने हे सगळं प्रकरणच झाकून टाकलं. ऑगस्ट २००३ मध्ये झेनस्ट्रॉम आणि फ्रिस यांनी ते आणलं. प्रोग्राम लिहिला एस्टोनियातल्या कझावाल्या मंडळींनी, म्हणजे गाण्यांच्या फाइली नॅटपलीकडे नेण्यात ज्यांचा हात बसलेला होता त्यांनीच. नाव, पासवर्ड, बस्स. सिपवाले अजून मानकं लिहीत होते तोवर पुण्यातल्या आजी न्यू जर्सीतल्या नातवाशी बोलू लागल्या. गंमत म्हणजे रकाने नसलेलं स्काइप ५ मे २०२५ रोजी बंद झालं, आणि रकानेवाला सिप कार्यालयांत, कॉल सेंटरांत, बँकांत अजून चालू आहे. एका कंपनीच्या मालकीचं असणं आणि मानक असणं यातला हा फरक.

आपल्याकडची अडचण तंत्राची नव्हतीच. व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सुरू केलं, आणि परदेशी कॉलची मक्तेदारीही तिचीच. दुसऱ्या दुकानाच्या मुळावर येणारी वस्तू पहिल्या दुकानात कोण ठेवील? १९९९च्या दूरसंचार धोरणात इंटरनेट टेलिफोनीला तूर्त परवानगी नाही, असं स्पष्ट लिहिलं. परवानगी मिळाली १ एप्रिल २००२ रोजी, तीही तोलूनमापून: संगणकावरून संगणकाला चालेल, संगणकावरून परदेशातल्या फोनला चालेल, पण भारतातल्या फोनला नाही. म्हणजे नाशिकमध्ये बसून शिकागोचा फोन वाजवा, शेजारच्या सिन्नरचा वाजवू नका! हे कलम सोळा वर्षं टिकलं. २०१८ मध्ये ते सुटलं, आणि जुलैत बीएसएनएलने ‘विंग्ज’ जाहीर केलं: दहा आकडी नंबर, वर्षाला १,०९९ रुपये, सिम नाही. मार्च २०२० मध्ये कॉल सेंटरच्या माणसांना घरून काम करू देण्यासाठी नियम सैल झाले तेव्हा सॉफ्टफोन घरोघर पोचला. माझ्या मते २००२चं ते अर्धवट कलम आपल्याला सर्वांत महाग पडलं. अख्ख्या पिढीने इंटरनेट फोन म्हणजे फक्त परदेशी बोलण्याची स्वस्त सोय, असंच धरून ठेवलं.

तुम्ही आता बसवणार असाल तर दोन गोष्टी आधी करा. हेडफोन लावा, कारण उशीर आणि स्पीकर एकत्र आले की प्रतिध्वनी आलाच. आणि विंडोज १० किंवा ११ असेल तर प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये डेस्कटॉप अॅपना मायक्रोफोन वापरू देण्याचं बटण चालू आहे ना, ते पाहा. ते बंद असेल तर बाकीचा फॉर्म कितीही अचूक भरा, समोरच्याला काही ऐकू जाणार नाही.