धावपट्टीवरची चिप

बुलढाणा जिल्ह्यातल्या अनेक तरुणांची धावण्याची वेळ नोंदवणाऱ्या चिपशी पहिली ओळख होते ती पोलीस भरतीच्या मैदानावर. भरती जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या देखरेखीखाली होते. पुरुषांना 1600 मीटर, महिलांना 800 मीटर धावायचे असते. पूर्वी वेळ स्टॉपवॉचवर मोजून हाताने कागदावर उतरवली जाई. एका तुकडीत अनेक उमेदवार एकाच वेळी धावत असल्याने वेळेच्या नोंदीवरून आणि फेऱ्यांच्या मोजणीवरून वाद होत. गुण सेकंदांवर ठरत असल्याने हे वाद क्षुल्लक नव्हते.

वेळ नोंदवणारी ही चिप जगभर पोहोचली ती धावण्याच्या शर्यतींमधून. 1980 साली बॉस्टन मॅरेथॉनमध्ये रोझी रुइझ हिने महिला गटात पहिला क्रमांक पटकावला. पण वाटेतल्या ठाण्यांवर ती कोणालाच दिसली नव्हती, आणि तिचे विजेतेपद काढून घेण्यात आले. त्याच शर्यतीत 1996 साली चिप वापरात आली. 2004 साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनने ती महाराष्ट्रातल्या हौशी धावपटूंपर्यंत पोहोचवली, आणि पुढे राज्यात अनेक ठिकाणी पोलीस भरतीनेही ती स्वीकारली.

चिपच्या नोंदी तपासण्याचे तत्त्व साधे आहे. चिपमधला क्रमांक धावपट्टीवर अंथरलेल्या चटईतली अँटेना वाचते आणि वेळ नोंदवते. 400 मीटरच्या धावपट्टीवर 1600 मीटरसाठी चार फेऱ्या लागतात, आणि प्रत्येक फेरीची नोंद असायला हवी. एखादी नोंद कमी असली, किंवा एखादी फेरी अशक्य वेगाने पूर्ण झालेली दिसली, तर चित्रीकरण पाहावे लागते. ही यंत्रणा धावणाऱ्याला ओळखत नाही, फक्त चिपच्या क्रमांकाला ओळखते. त्यामुळे चिप कोणाच्या अंगावर आहे, हे माणसालाच पाहावे लागते.