शेंगदाणे : आहारमूल्य

भुईमुगाचे (अरॅकिस हायपोजिया) बी. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला, शिंबावंत, म्हणजे तूर-हरभऱ्याच्या कुळातला. आहारशास्त्रात मात्र दाण्याची गणना बदाम, अक्रोड, काजू यांच्याबरोबर होते; स्वस्त असल्यामुळे त्याला कमी लेखणे अन्यायाचे आहे. १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने, ४९ ग्रॅम मेद व ८ ग्रॅम तंतू असतात. शिवाय नायसिन, फोलेट, ई जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम. मेद बहुतांश असंतृप्त असतो. संतृप्त मेदाऐवजी तो पोटात गेल्यास रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल उतरते. अमेरिकेतील दीर्घकालीन पाहण्यांत नियमित दाणे खाणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले.

महाराष्ट्रात दाण्याचे कूट घराघरांत असते. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च. उपवासाच्या खिचडीला प्रथिने मिळतात ती कुटामुळेच. भाकरीबरोबरची दाण्याची चटणी हीदेखील गरिबाच्या ताटातली मोलाची भर आहे.

१०० ग्रॅममधून ५५० हून अधिक किलोकॅलरी मिळत असल्याने रोज मूठभर दाणे पुरेत. खारवलेले वा तळलेले टाळावेत. काहींना दाण्यांची तीव्र, प्रसंगी जीवघेणी अ‍ॅलर्जी असते. दमट जागी साठवलेल्या दाण्यांवर अ‍ॅस्परजिलस बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन हे यकृताचा कर्करोग घडवू शकणारे विष तयार होते. भाजल्याने ते पूर्ण नष्ट होत नाही. म्हणून काळपट, सुरकुतलेले, कडवट दाणे भाजण्यापूर्वीच निवडून फेकावेत.