दासोपंतांची पासोडी : ४० फूट कापडावरची मांडणी

बालाघाटच्या डोंगररांगेतील अंबाजोगाईत, सोळावे शतक सरून सतरावे उजाडण्याच्या सुमारास, एका कवीने पांघरायचे जाडेभरडे कापड घेतले आणि त्यावर वेदान्त लिहिला. कापड सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद. कवी केवळ लिहून थांबला नाही, त्याने विषय आकृत्यांनी मांडला. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ही वस्तू ‘दासोपंतांची पासोडी’ म्हणून परिचित आहे. दृश्यकलेच्या आणि डिझाइनच्या चर्चेत मात्र तिचे नाव क्वचितच निघते. ते का निघायला हवे, याविषयी हा थ्रेड.

आधी कवीविषयी थोडे. दासोपंतांचा जन्म १५५१चा, बीदर परिसरातील नारायणपेठचा. वडील दिगंबरपंत देशपांडे. वसुली थकली म्हणून बीदरच्या बादशहाने कोवळ्या दासोला ओलीस ठेवले आणि दत्तात्रेयांनीच वेष पालटून ती रक्कम भरली, अशी कथा त्यांच्या चरित्रात येते. दामाजीपंतांच्या कथेशी तिचे साम्य कोणाच्याही लक्षात येईल. पुढे दासोपंत अंबाजोगाईत स्थिरावले आणि १६१५मध्ये तेथेच त्यांनी देह ठेवला. ते पैठणच्या एकनाथांचे समकालीन.

त्यांची खरी ख्याती आहे ती लेखनाच्या प्रचंडपणाची. गीतेवरील ‘गीतार्णव’ या एकाच ग्रंथाची ओवीसंख्या परंपरेने सव्वा लाख सांगितली जाते. त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे, ही आख्यायिकाही त्यातूनच जन्मली. समीक्षकांनी त्यांच्या पाल्हाळाला नावे ठेवली, आणि ती अगदीच अकारण नव्हेत.

पण नेमके येथेच पासोडीचे महत्त्व आहे. ज्याला शब्दांची टंचाई होती, असा माणूस चित्राकडे वळला असता तर नवल नव्हते. येथे मात्र लाख-लाख ओव्या रचणारा कवी शब्द पुरेसे नाहीत असे ठरवतो आणि आकृती काढू लागतो. हा निर्णय साधा नाही. तो समजण्यासाठी पासोडीच्या विषयात शिरावे लागते.

विषय आहे पंचीकरण. आकाश, वायू, तेज, आप आणि पृथ्वी ही पाच सूक्ष्म भूते एकमेकांत मिसळून स्थूल सृष्टी कशी बनते, याचे हे शास्त्र. त्याचा नियम गणिती आहे. प्रत्येक स्थूल भूतात अर्धा भाग स्वतःचा आणि उरलेल्या चार भूतांचा प्रत्येकी आठवा भाग. जुन्या हिशेबात सांगायचे तर रुपयातले आठ आणे स्वतःचे, बाकीच्यांचे दोन-दोन आणे. बेरीज बरोबर सोळा आणे. पाचही भूतांना हाच नियम लावला की पाच गुणिले पाच, असा पंचवीस घरांचा तक्ता आपोआप तयार होतो. मानवी देहातही पृथ्वीची पाच अंगे म्हणजे अस्थी, मांस, त्वचा, नाडी आणि रोम. इतर चार भूतांचीही अशीच पाच-पाच.

हे येथेच थांबत नाही. देह चार : स्थूल, सूक्ष्म, कारण, महाकारण. त्यांच्या अवस्था चार : जागृती, स्वप्न, सुषुप्ती, तुर्या. स्थाने चार : नेत्र, कंठ, हृदय, मूर्ध्नी. वाचाही चार : वैखरी, मध्यमा, पश्यंती, परा. स्थूल देह जागृतीत, नेत्रस्थानी, वैखरीने व्यक्त होतो. सूक्ष्म देह स्वप्नात, कंठस्थानी, मध्यमेने. आडवे वाचले तर एका देहाची सर्व लक्षणे मिळतात. उभे वाचले तर चारही देहांतून एकच लक्षण कसे चढत जाते, ते दिसते.

ओवीला ही सोय नाही. ओवी एकामागून एक येते. ऐकणाऱ्याने मागचे ध्यानात ठेवावे आणि पुढचे त्याला जोडून घ्यावे. पोथीची अडचण निराळी. तिची पाने सुटी, आडवी आणि अरुंद. एका पानावर सुरू झालेले नाते दुसऱ्या पानावर तुटते. सगळे संबंध एकाच वेळी नजरेसमोर हवे असतील तर सलग पृष्ठभाग हवा, आणि तो त्या काळी कापडाहून स्वस्तात कोठे मिळणार? ४० फूट गुणिले ४ फूट म्हणजे १६० चौरस फूट, एका लहान खोलीच्या जमिनीएवढी जागा. तिच्यावर सोळाशेच्या घरात ओव्या आणि त्यांच्या सोबतीला आकृत्या.

‘पासोडी’ या शब्दाकडेही पाहायला हवे. पासोडी म्हणजे थंडीत अंगावर घ्यायची जाड, दुपदरी चादर. रेशीम नव्हे, दरबारी पट नव्हे. कापडावर शाईने लिहिणे कागदापेक्षा अवघड. धाग्यांतून शाई फुटते. म्हणून कापडाला खळ द्यायची, ते वाळवायचे आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे, अशी भारतभर रीत होती. लेखणी बोरूची, शाई काजळीची आणि डिंकाची. कागदावर चूक झाली तर पान बदलता येते. ४० फुटी कापडाच्या मध्यावर चूक झाली तर काय करणार? मांडणी आधी मनात पक्की असल्याशिवाय हे काम हाती घेता येत नाही.

लिहिण्याच्या या शारीरिक बाजूचा विचार मराठीत नवा नव्हता. पुढच्याच पिढीत रामदासांनी दासबोधाच्या १९व्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला वाहिला. अक्षर वाटोळे असावे, आरंभीचे आणि शेवटचे सारखे असावे, ओळी सरळ असाव्यात, चहूकडे मोकळी जागा सोडावी, हे सारे त्यात आहे. आजच्या भाषेत हा टायपोग्राफीचा पाठच.

अंबाजोगाईला लेखनाची सवय मात्र त्याहून जुनी. यादव राजा सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याच्या काळचा, १२२८चा शिलालेख याच गावचा. १२४०च्या दुसऱ्या लेखात खोलेश्वराची कन्या लक्ष्मी हिने युद्धात पडलेल्या राम या आपल्या भावाच्या स्मरणार्थ मंदिर उभारल्याची नोंद आहे. दगडावरचा लेख ठरावीक ओळींत संपतो आणि जागचा हलत नाही. कापड गुंडाळून काखोटीला मारता येते. एकाच गावाने दोन्ही पृष्ठभाग वापरून पाहिले.

अशा पटांचे सगेसोयरे बरेच आहेत. जैनांनी विश्वरचना दाखवणारे लोकपुरुषाचे आणि अढाई द्वीपाचे पट कापडावर रंगवले. युरोपात बाराव्या शतकात पॉइटर्सच्या पीटरने बायबलमधील वंशावळ रेषा आणि वर्तुळांनी मांडली, आणि तिच्या अनेक प्रती लांबलचक गुंडाळ्यांवरच झाल्या. अडचण तीच, पानाने नाते तुटू नये. विल्यम प्लेफेअरचे आलेख १७८६चे. व्हिएन्नातील ऑटो नॉयराटची चित्रलिपी ‘आयसोटाइप’ विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकातली. माहितीच्या दृश्य मांडणीचा इतिहास बहुधा प्लेफेअरपासून शिकवला जातो. पासोडीला ‘जगातली पहिली’ ठरवण्याची घाई करू नये, ती पहिली नाहीच. पण त्या इतिहासाचा आरंभ मागे नेणाऱ्यांत तिची जागा निश्चित आहे.

मग ती दुर्लक्षित का राहिली? एक कारण मुद्रणाचे. छापखान्यात ओव्या सहज जुळवता येतात, आकृत्या नाही. ४० फुटी सलग पट पुस्तकाच्या पानांत कापला गेला की हाती उरते ती संहिता. अमेरिकी मिशनरी जस्टिन अॅबट यांनी दासोपंतांचे चरित्र इंग्रजीत नेले. चरित्राचे भाषांतर होऊ शकते. पासोडीचे भाषांतर करायचे तर शब्दांबरोबर मांडणीही नव्याने काढावी लागेल. दुसरे कारण विद्याशाखांच्या कुंपणांचे. मराठीच्या अभ्यासकाने ओव्या वाचल्या, आणि कलेतिहासकाराला ती ‘साहित्य’ वाटली.

हे कुंपण अलीकडे थोडे वाकले आहे. र. कृ. जोशी (१९३६–२००८) कवीही होते आणि अक्षररचनाकारही. अनियतकालिकांच्या काळात त्यांनी अक्षरांच्या मांडणीतूनच कविता घडवली, आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन केले, आणि विंडोज २०००बरोबर घराघरांत पोहोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांचाच. अच्युत पालव यांनी मोडी लिपीचा अभ्यास करून मोडी आणि देवनागरी यांच्या मेळातून ‘मुक्तलिपी’ घडवली. २०२५मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. या मंडळींमुळे मराठी हस्तलिखित ही पाहण्याचीही वस्तू आहे, हे तरुणांना नव्याने सांगावे लागत नाही.

राहिला प्रश्न कापडाचा. कागदापेक्षा कापड चिवट, पण घडी हा त्याचा शत्रू. त्याच त्या रेषेवर पुनःपुन्हा दुमडले की धागा झिजतो आणि त्यावरची शाई आधी जाते. म्हणून संग्रहालयांत मोठी वस्त्रे घडी न घालता रुंद नळीवर गुंडाळतात आणि मंद प्रकाशात दाखवतात. छायाचित्रण करताना एकमेकांवर चढणारे तुकडे टिपून ते संगणकावर जोडावे लागतात, शिवाय फुटपट्टी शेजारी ठेवावी लागते, नाहीतर प्रमाण हरवते.

आणि जोडून झाल्यावर ते दाखवायचे कसे? मोबाइलच्या पडद्यावर एका वेळी जेमतेम काही इंचच दिसणार, म्हणजे पुन्हा पोथीचे पान. ज्यावर बोट फिरवून संपूर्ण पट लहान करता येईल आणि मग हव्या त्या घरात शिरून ओवी वाचता येईल, अशी रचना पासोडीच्या स्वभावाला जवळची ठरेल. अंबाजोगाईतच एखाद्या लांब भिंतीवर मूळ मापाची प्रतिकृती लावली, तर पाहणाऱ्याला ४० फूट चालत जावे लागेल. चालता चालता पंचमहाभूते एकमेकांत मिसळताना पाहता येतील.