जुन्या ट्रकच्या इंजिनातून ठोक-ठोक आवाज, ऑइलचा काटा खाली? आधी गाडी थांबवा

बोईसर : तारापूर एमआयडीसीतून माल भरून चिल्हार फाट्याकडे निघालेला किंवा पालघर-मनोर रस्त्यावर वाघोबा खिंड चढणारा जुना ट्रक अचानक ठोकायला लागतो, ऑइलचा लाल दिवा पेटतो. 'हायवेपर्यंत तरी नेऊ' म्हणून गाडी ओढली तर बेरिंग पकडतं आणि थोडक्यात होणारं काम क्रँकपर्यंत जातं. म्हणून गाडी बाजूला घ्या, इंजिन लगेच बंद करा.

आधी ऑइल बघा
गाडी सपाट जागी उभी करून दहा मिनिटांनी पट्टी काढा.
- लेव्हल कमी : ऑइल टाका, गळती शोधा.
- ऑइल दुधाळ : पाणी मिसळलंय. हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर तपासा.
- लेव्हल वाढलेली, डिझेलचा वास : ऑइल पातळ झालंय. नोझल, पंप तपासा.
दुधाळ किंवा डिझेल मिसळलेल्या ऑइलवर गाडी पुन्हा चालू करू नका.

आवाज कुठला?
- वरून बारीक टक-टक : बहुतेक वेळा टॅपेटची सेटिंग.
- खालून जड ठोका, लोडवर वाढणारा : कनेक्टिंग रॉड किंवा मेन बेरिंग. हा सगळ्यात धोक्याचा.
- थंड इंजिनात ठोका, गरम झाल्यावर कमी : पिस्टन-बोअर घासलेला असू शकतो.
- एकाच सिलिंडरचा कडक ठोका आणि काळा धूर : नोझल बघा.

काटा खरा की खोटा?
ऑइल बरोबर आहे, आवाजही नाही, तरी काटा खाली असेल तर सेन्सर किंवा वायरिंग खराब असू शकतं. इंजिन खोलायच्या आधी मेस्त्रीला सेन्सर काढून तिथे हाताचा प्रेशर गेज लावायला सांगा. गरम इंजिनात आयडलला साधारण १ बार आणि रेस दिल्यावर ३ ते ४ बार हा ढोबळ अंदाज. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात बघा.

फक्त गरम आयडलला प्रेशर पडत असेल तर ऑइल पातळ झालंय किंवा बेरिंग झिजलंय. सतत कमी असेल तर चेंबर उतरवून जाळी, ऑइल पंप आणि रिलीफ व्हॉल्व्ह तपासा. चेंबरमध्ये चमकणारे धातूचे कण दिसले तर बेरिंग गेलं समजा.

हे करू नका
जाड ऑइल टाकून काटा वर येतो, आवाजही दबतो. पण झिजलेलं बेरिंग भरून येत नाही. जुना ट्रक विकत घेताना म्हणूनच इंजिन चांगलं गरम करून मगच काटा बघा.