बोअरची मोटर वर काढणारी गाडी : पॉवर विंच काम कसं करतं आणि धोका उतरवताना जास्त का?

उन्हाळ्यात बोअरची मोटर जळाली की शेतकरी पहिला फोन करतो तो ‘मोटर काढणाऱ्या गाडी’ला. पिकअप किंवा ट्रॅक्टरवर एक उंच मनोरा, त्याच्या टोकाला पुली, खाली ड्रमवर गुंडाळलेला पोलादी वायर रोप. गाडी बोअरच्या तोंडाशी लागते, खटका दाबला जातो आणि तीनशे फूट खोल असलेली मोटर पाईपांसकट वर येऊ लागते. पूर्वी तिपाई आणि चेनपुली लावून जे काम चार-सहा माणसं दिवसभर करायची, ते आता काही तासांत होतं.

हे सगळं ज्या यंत्रामुळे शक्य होतं, ते म्हणजे पॉवर विंच. टोइंगच्या गाड्या, विजेचे खांब उभारणारे ट्रक, बंद पडलेल्या जेसीबीपर्यंत जाणाऱ्या फिरत्या वर्कशॉपच्या गाड्या, अशा बहुतेक सर्व्हिस ट्रकवर ते कुठल्या ना कुठल्या रूपात असतं. यंत्र दिसायला साधं आहे. पण त्याचा चुकीचा वापर माणसाच्या जिवावर बेतू शकतो. म्हणूनच ते आतून कसं चालतं, हे समजून घेऊ.

विंच म्हणजे नेमकं काय?

आडावरचा रहाट आठवा. दांडा फिरवला की दोर गुंडाळला जातो आणि बादली वर येते. विंचही तेच करतं. फरक इतकाच की दांडा फिरवायला हाताऐवजी मोटर असते. मराठीत अशा ओझं उचलणाऱ्या यंत्रांना ‘यारी’ हा जुना शब्द आहे. विहीर खोदताना माती-दगड वर काढणाऱ्या यंत्राला गावाकडे आजही यारीच म्हणतात.

पॉवर विंचचे मुख्य भाग पाच. शक्ती देणारी मोटर, तिचा वेग कमी करून जोर वाढवणारा गिअरबॉक्स, दोर गुंडाळणारा ड्रम, ओझं अधांतरी धरून ठेवणारा ब्रेक आणि वायर रोप. रोपच्या टोकाला हूक असतो आणि त्या हूकला सहसा सुरक्षेची खिटी, म्हणजे लॅच असते.

गाडीवर विंच बसवून अपघातग्रस्त वाहनं उचलण्याच्या कल्पनेला शंभरहून अधिक वर्षं झाली. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या चॅटानूगा शहरात अर्नेस्ट होम्स नावाचा गॅरेजवाला होता. ओळखीच्या एका माणसाची ओढ्यात पडलेली मोटारगाडी दोर आणि माणसं लावून काढताना त्याची दमछाक झाली. त्यानंतर १९१६ मध्ये त्याने १९१३ सालच्या कॅडिलॅक गाडीवर खांब, पुली आणि साखळी बसवून टोइंगची गाडी तयार केली. टोइंग व्यवसायाचं संग्रहालय आज त्याच शहरात आहे.

त्याला शक्ती मिळते कुठून?

दोन मार्ग प्रचलित आहेत. पहिला, गाडीच्या बॅटरीवर चालणारी इलेक्ट्रिक मोटर. दुसरा, इंजिनातून पीटीओद्वारे शक्ती घेऊन चालणारा हायड्रॉलिक पंप आणि त्यावर फिरणारी मोटर.

इलेक्ट्रिक विंच बसवायला सोपं, पण त्याची मर्यादा बॅटरी ठरवते. साधा हिशेब करू. ५०० किलो वजन मिनिटाला ५ मीटर वेगाने उचलायला सुमारे ४१० वॅट लागतात. मोटर आणि गिअरमध्ये निम्मी शक्ती वाया जाते असं धरलं, तर बॅटरीतून सुमारे ८२० वॅट घ्यावे लागतील. १२ व्होल्टच्या बॅटरीवर हा प्रवाह जवळपास ७० अँपिअर होतो. घरातला दीड टनाचा एसी साधारण ७-८ अँपिअर घेतो, यावरून अंदाज येईल. म्हणूनच अशा विंचच्या केबल अंगठ्याएवढ्या जाड असतात आणि थोडा वेळ चालवल्यावर मोटरला थंड व्हायला वेळ द्यावा लागतो. दिवसभर सलग काम असेल तर हायड्रॉलिक विंच जास्त टिकतं.

बोअरमधून नेमकं किती वजन वर येतं?

शेतकऱ्याचा अंदाज इथेच चुकतो. ‘मोटर पन्नास किलोची, तिला कितीसा जोर लागणार?’ असं वाटतं. पण मोटरसोबत सगळा पाईपही वर येत असतो.

समजा ३०० फूट, म्हणजे सुमारे ९० मीटर खोलीवर मोटर आहे आणि सव्वा इंची जीआय पाईप आहे. असा मध्यम जाडीचा पाईप मीटरला ३ किलोच्या आसपास भरतो. म्हणजे पाईपांचंच वजन सुमारे २८० किलो. त्यात पंपावर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह असतो. तो पाणी मागे जाऊ देत नाही, त्यामुळे पाईपात भरलेलं पाणी आणखी ९० किलोपर्यंत भर घालतं. मोटर-पंपाचे ५० धरले तर एकूण भार ४२० किलोंच्या घरात जातो. प्लास्टिकचा पाईप असेल तर आकडा बराच कमी होतो, आणि जीआय पाईप दीड-दोन इंची असेल तर वाढतो.

हा झाला मोकळ्या मोटरचा हिशेब. मोटर गाळात रुतली असेल किंवा बोअरच्या भिंतीतला दगड सुटून अडकली असेल, तर वजनाला काही अर्थच उरत नाही. विंच ओढतच राहतं आणि त्या साखळीत जे सगळ्यात कच्चं असेल ते तुटतं. ते रोप, हूक, क्लॅम्प किंवा पाईपाचा आटा यांपैकी काहीही असू शकतं.

विंचवर ‘एक टन’ लिहिलंय, मग काळजी कसली?

त्या आकड्याची अट समजून घ्यायला हवी. विंचवर लिहिलेली क्षमता सहसा ड्रमवरच्या पहिल्या थरासाठी असते. दोर जसजसा गुंडाळला जातो, तसतसे एकावर एक थर चढतात आणि ड्रम जाड होत जातो. ड्रम जितका जाड, तितका त्याचा वेग वाढतो आणि जोर घटतो.

१० सेंटीमीटर व्यासाचा ड्रम आणि १ सेंटीमीटर जाडीचा रोप घ्या. पहिल्या थरात ओढ लागते ती मध्यापासून ५.५ सेंटीमीटरवर. चौथ्या थरात तीच जवळपास ८.५ सेंटीमीटरवर जाते. म्हणजे पहिल्या थराला १,००० किलो ओढणारं विंच चौथ्या थराला जेमतेम ६५० किलो ओढतं. यंत्र तेच असतं, फक्त त्याची ताकद तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटलेली असते.

यावर जुना उपाय आहे. हूकला एक पुली लावून दोर दुहेरी घ्यायचा. घर्षण सोडलं तर विंचवरचा भार निम्मा होतो आणि ओझं वर येण्याचा वेगही निम्मा होतो.

उचलण्यापेक्षा उतरवणं अवघड का?

नवी मोटर बोअरमध्ये बसवण्याला आपल्याकडे ‘मोटर सोडणं’ म्हणतात. गंमत अशी की या कामातलं सगळं कसब तिला न सोडण्यात आहे.

ओझं वर जाताना मोटर गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध झगडत असते. बटण सोडलं की मोटरचा जोर संपतो आणि ओझं धरायला ब्रेक पुढे येतो. उतरवताना मात्र ओझं स्वतःहूनच खाली जायला बघत असतं. त्याला आवरणं एवढंच काम उरतं आणि आवरताना मुक्त होणारी सगळी ऊर्जा उष्णता बनते.

वरचंच उदाहरण घ्या. ५० किलोंपासून सुरुवात करून एकेक पाईप जोडत ३३० किलोंचा सगळा संच ९० मीटर खाली सोडला, तर सुमारे १७० किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. ती सगळी पाच किलोंच्या पोलादी ब्रेकमध्ये एकदम गेली, तर त्याचं तापमान जवळपास ७० अंशांनी वाढेल. पाईप जोडायला मध्ये थांबावं लागतं म्हणून ब्रेकला निवायला वेळ मिळतो. पण तापलेला ब्रेक पकड गमावू शकतो. म्हणूनच चांगला चालक घाईने उतरवत नाही.

हायड्रॉलिक विंचमध्ये यासाठी काउंटरबॅलन्स व्हॉल्व्ह असतो. नळी फुटली किंवा दाब गेला तरी तो तेल अडवतो आणि ओझं पडू देत नाही. वर्म गिअर असलेल्या विंचमध्ये ओझ्याने उलटा गिअर फिरणं अवघड असतं. पण कंपनं आणि झीज यांमुळे त्या एकट्या गिअरवर विसंबणं शहाणपणाचं नाही.

यातही एक बारकावा आहे. जीआय पाईप साधारण २० फुटी असतात. ३०० फुटांत असे पंधरा पाईप येतात. प्रत्येक पाईपाला विंच थांबवून, बोअरच्या तोंडावर क्लॅम्प आवळून, पाना लावून आटे सोडवावे किंवा बसवावे लागतात. म्हणजे एका मोटरमागे पंधरा वेळा तो भार थांबवला जातो आणि पंधरा वेळा माणसाचे हात त्याच्याजवळ असतात. या वेळी ओझं क्लॅम्पवर पूर्ण टेकलेलं असलं पाहिजे, नुसतं ब्रेकच्या भरवशावर नको.

जीपचं विंच लावलं तर चालतं का?

स्वस्तात काम भागवण्यासाठी चिखलात रुतलेली जीप बाहेर काढायचं विंच मनोऱ्यावर बसवलं जातं. आकडा मोठा दिसतो, किंमत कमी असते. पण ओढणं वेगळं आणि उचलणं वेगळं.

सपाट डांबरी रस्त्यावर दोन टनांची जीप सरकवायला ५० किलोंपेक्षाही कमी ओढ पुरते. तिथे ब्रेक सटकला तर जीप जागच्या जागी राहते. मनोऱ्यावर ब्रेक सटकला तर सगळं ओझं खाली जातं. उचलण्यासाठीच्या यंत्रात रोपची तुटण्याची ताकद साधारणपणे नेहमीच्या भाराच्या पाचपट ठेवली जाते. ओढण्याच्या विंचमध्ये इतकी राखीव ताकद सहसा नसते. म्हणूनच त्यांच्या पुस्तिकांमध्ये ‘ओझं उचलण्यासाठी किंवा माणसं वर-खाली नेण्यासाठी वापरू नका’ असं स्पष्ट बजावलेलं असतं.

माणसांचा मुद्दा सगळ्यात गंभीर आहे. विहिरीच्या कामात यारीच्या दोराने मजूर खाली उतरतात. दोर तुटून मजूर दगावल्याच्या बातम्या महाराष्ट्रात अधूनमधून येतच असतात. माती काढायला बनवलेलं यंत्र माणसासाठी बनवलेलं नसतं, एवढं तरी त्यातून कळायला हवं.

रोप खराब झाला हे कसं ओळखायचं?

वायर रोप एकाएकी तुटल्यासारखा वाटतो, पण त्याआधी तो खुणा देतो. एका पिळात, म्हणजे रोपची एक लड पूर्ण वेढा घालते तेवढ्या लांबीत, सहा तारा तुटलेल्या दिसल्या किंवा एकाच लडीत तीन तुटल्या, तर रोप बदलावा, असा क्रेनच्या रोपसाठीचा अमेरिकी मानकाचा नियम आहे. जाडी ५ टक्क्यांहून कमी झाली, रोपला गाठीसारखी मुरड पडली किंवा तो पिंजल्यासारखा फुगला, तरी तो बादच समजायचा.

रोप कितीही लांब सोडला तरी ड्रमवर किमान तीन ते पाच वेढे राहिले पाहिजेत. रोपचं टोक ड्रमला ज्या बोल्टने अडकवलेलं असतं, तो पूर्ण भार पेलण्यासाठी नसतोच. भार पेलतं ते वेढ्यांचं घर्षण. कमीत कमी घर्षण धरलं तरी तीन वेढ्यांनंतर बोल्टवरचा ताण सहाव्या-सातव्या भागावर येतो.

हूकजवळचे यू-क्लॅम्पही बघण्यासारखे असतात. क्लॅम्पची यू आकाराची सळई रोपच्या आखूड, मोकळ्या टोकावर आणि खाचेची पट्टी भार घेणाऱ्या लांब बाजूवर हवी. उलट लावलं तर सळई नेमकी भार घेणाऱ्या तारांनाच चेपते.

कायदा काय सांगतो?

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या २९व्या कलमात उचलण्याच्या यंत्रांसाठी अटी घातल्या होत्या. यंत्रावर सुरक्षित भार ठळक लिहिलेला असावा, त्याहून जास्त भार घालू नये आणि सक्षम व्यक्तीकडून १२ महिन्यांत किमान एकदा कसून तपासणी व्हावी. अटी कारखान्यासाठी होत्या, पण त्यामागचं तर्कशास्त्र गावोगाव फिरणाऱ्या गाडीलाही तितकंच लागू पडतं. फरक असा की शेतात गाडी आली की तपासणारा दुसरा कुणी नसतो. चालक आणि शेतकरी, दोघांनीच बघायचं.

गाडी आली की काय बघाल?

• वर बघा. मनोऱ्यातून निघालेला २० फुटी लोखंडी पाईप आडवा करताना विजेच्या तारेला लागू शकतो. जवळून लाईन जात असेल तर वीजपुरवठा बंद करून घेतल्याशिवाय काम सुरू करू नका.
• गाडीचे जॅक घट्ट जमिनीवर टेकलेत का? भुसभुशीत मातीत फळी टाकली आहे का?
• विंचवर किंवा मनोऱ्यावर क्षमता लिहिली आहे का? नसेल तर विचारा.
• रोपला तुटलेल्या तारा, हूकला लॅच, ड्रमवर पुरेसे वेढे, हे काम सुरू होण्याआधी बघा.
• थोडंसं वजन उचलून थांबवायला सांगा. बटण सोडल्यावर ओझं हळूहळू घसरत असेल तर ब्रेक दुरुस्त झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.
• ताणलेल्या रोपच्या रेषेत आणि ओझ्याखाली कुणी उभं राहू नये, मुलं तर नाहीच. तुटलेला रोप चाबकासारखा उलटतो.
• मोटर अडकली असेल तर ‘अजून थोडं ओढा’ म्हणू नका.

हे सगळं बघायला दहा मिनिटं लागतात. जळालेली मोटर पुन्हा भरून मिळते, पडलेला पाईप नवा घेता येतो. बोअरच्या तोंडाशी पाना धरून उभ्या असलेल्या माणसाचं तसं नसतं.