कॅमेऱ्यावरचा माइक : एका अंतराचा इतिहास



समजा, मौखिक इतिहासाच्या प्रकल्पासाठी तुम्हाला बंगळूरुच्या दक्षिणेकडील बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीत एका जुन्या कामगाराची मुलाखत चित्रित करायची आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली मेट्रोची पिवळी मार्गिका आर. व्ही. रोडहून निघून येथेच संपते. म्हणजे सामान पाठीवरच्या एका पिशवीत मावले पाहिजे. तुम्ही छोटी रिग नेता : कॅमेरा, त्याभोवती धातूची चौकट, खाली तिकाटणे, वर माइक. पाच मिनिटांत सारे उभे राहते. घरी येऊन पाहता, तर चेहरा लख्ख दिसतो. पण शब्द होसूर रस्त्यावरच्या वाहनांच्या आवाजात बुडालेले असतात.

माइक चांगला होता, बॅटरीही भरलेली होती. मग चुकले कुठे? याचे उत्तर शोधण्यासाठी आपण भारतीय बोलपटाच्या आरंभाकडे जाऊ.

माणसे माइककडे जात होती, तो काळ

‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. दिग्दर्शक अर्देशीर इराणी यांचा स्टुडिओ रेल्वेमार्गाला लागून होता. त्यामुळे बरेचसे चित्रीकरण गाड्या थांबल्यानंतर, मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत करावे लागले. येथे एक तपशील लक्षात ठेवा. चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर नोंदले जात होते. पण माइक मात्र कॅमेऱ्यावर नव्हते. ते नटांच्या जवळ, चौकटीत दिसणार नाहीत असे लपवून ठेवले जात. नोंद एकत्र, पण कान वेगळा, ही व्यवस्था पहिल्याच बोलपटात होती.

पुढच्या वर्षी कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट काढला. प्रभातमध्ये ध्वनिमुद्रणाची बाजू विष्णुपंत दामले यांनी सांभाळली.

आता बंगळूरुकडे वळू. पहिला कन्नड बोलपट ‘सती सुलोचना’ १९३४ मध्ये पडद्यावर आला. निर्मितीसंस्था बंगळूरुची, दिग्दर्शक वाय. व्ही. राव, पण चित्रीकरण झाले कोल्हापूरच्या छत्रपती सिनेटोन स्टुडिओत. आवाज नोंदवण्याची सोय जिथे होती, तिथे सगळी मंडळी गेली. कन्नड भाषेला पडद्यावर बोलण्यासाठी मराठी मुलखात यावे लागले. त्या काळी माइक जागा सोडत नसे. माणसेच त्याच्याकडे जात.

आवाज कॅमेऱ्यापासून तुटला

१९३५ मध्ये कोलकात्याच्या न्यू थिएटर्सच्या ‘धूप छाँव’ने हिंदी चित्रपटात पार्श्वगायन आणले. गाणे आधी नोंदवायचे आणि नटाने नंतर ओठ हलवायचे. पुढे बाह्यचित्रीकरण वाढले. हलके कॅमेरे सोयीचे होते, पण ते फार घरघरत. त्यामुळे संवादही नंतर स्टुडिओत डब करण्याची पद्धत रुळली. चित्र एका जागेचे, आवाज दुसऱ्याच खोलीतला. कथापटाला हे चालून जाते. साक्षीदाराच्या मुलाखतीला मात्र मुळीच नाही, कारण साक्ष पुन्हा ‘डब’ करता येत नाही.

यातून वाट काढली ती वाहून नेता येणाऱ्या ध्वनिमुद्रकाने. मूळचे पोलंडचे अभियंते स्टेफान कुडेल्स्की यांनी १९५१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पहिला ‘नाग्रा’ बनवला. ज्याँ रूश आणि एदगार मोरें यांनी १९६० च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये चित्रित केलेल्या माहितीपटात एक प्रसंग आहे. मार्सेलिन ही तरुणी नाग्रा सोबत घेऊन, अंगावर छोटा माइक लावून रस्त्याने चालते आणि छळछावणीच्या आठवणी स्वतःशीच बोलते. कॅमेरा तिच्यापासून दूर दूर जातो. आवाज मात्र जवळच राहतो.

आपल्याकडे आशुतोष गोवारीकर यांच्या ‘लगान’ने (२००१) कच्छच्या उघड्या माळावर संवाद जागच्या जागी नोंदवले. त्याचे ध्वनिमुद्रण नकुल कामटे यांचे होते.

माइक कॅमेऱ्यावर का बसला?

१९८० च्या दशकात कॅमेरा आणि रेकॉर्डर एकाच यंत्रात आले आणि माइक त्या यंत्राच्या पुढच्या टोकाला बसला. २००८ मध्ये कॅननच्या ५डी मार्क २ सारख्या छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यांतून उत्तम व्हिडिओ मिळू लागला. त्यात बाहेरचा माइक जोडण्याची सोय होती, पण हेडफोनसाठी जागा नव्हती. चित्र दिसे, आवाज कसा नोंदला जातो आहे, ते त्याच वेळी ऐकू येत नसे.

या कॅमेऱ्यांच्या माथ्यावर एक खाच असते, तिला ‘शू’ म्हणतात. ती आली छायाचित्रणातून, फ्लॅश आणि इतर जोडसाधने बसवण्यासाठी. माइक तिथे बसला, कारण जागा तयार होती. तिथून चांगले ऐकू येते म्हणून कोणी ती निवडलेली नाही.

इतिहासातून कृतीकडे

लेन्स बदलून किंवा झूम करून दूरचा चेहरा जवळ आणता येतो. माइकला तसे करता येत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे अर्ध्या मीटरवरचा माइक दोन मीटरवर नेला, तर १२ डेसिबल गेले. रस्त्याचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो.

म्हणून रिग उभारताना पुढील गोष्टी पाळा.

१. माइक कॅमेऱ्यावरच लावावा लागला, तर रबरी झुलत्या पकडीत (शॉक माउंट) लावा. हाताचा धक्का आणि लेन्सच्या मोटारीची घरघर चौकटीतून माइकपर्यंत पोहोचते.

२. वायरीला थोडा सैल वळसा देऊन ती चौकटीला बांधा. ताणलेली वायर कंप थेट माइककडे नेते.

३. उघड्यावर केसाळ कव्हर घाला. वाऱ्याची फडफड नंतर काढणे फार कठीण असते.

४. आवाजाची पातळी आपोआप ठरवणारी सोय बंद करा. बोलणारा थांबला की ती गोंगाट वर उचलते.

५. शक्य असेल तेव्हा तोच माइक लांब वायरीने दुसऱ्या काठीवर, बोलणाऱ्याच्या डोक्याच्या किंचित पुढे आणि चौकटीच्या जेमतेम बाहेर धरा. वेगळा रेकॉर्डर वापरत असाल, तर सुरुवातीला एक टाळी वाजवा. चित्र आणि आवाज जुळवायला ती पुरते.

६. हेडफोन लावल्याशिवाय मुलाखत सुरू करू नका.

या काळजीचे मोल काय, ते एका उदाहरणाने पाहू. आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या माहितीपटात शाहीर विलास घोगरे गाताना दिसतात. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. त्या धक्क्याने घोगरे यांनी काही दिवसांतच जीवन संपवले. पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये (२०११) तो आवाज पुन्हा ऐकू येतो, कारण कधीकाळी कोणीतरी तो नीट नोंदवून ठेवला होता. उलट ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

१९३४ मध्ये बंगळूरुची मंडळी माइकसाठी कोल्हापूरला आली. आज माइक तुमच्या पिशवीत बसून मेट्रोने बोम्मसंद्र्याला येतो. सहाशे किलोमीटरचा प्रश्न यंत्रांनी सोडवला. कॅमेऱ्यापासून त्या कामगाराच्या तोंडापर्यंतचे शेवटचे दीड-दोन मीटर मात्र तुम्हालाच पार करायचे आहेत.

स्वाध्याय

१. ‘नोंद एकत्र, पण कान वेगळा’ हे विधान ‘आलम आरा’च्या आधारे स्पष्ट करा.

२. एकाच व्यक्तीचे बोलणे माइक आधी कॅमेऱ्यावर आणि मग तिच्यापासून अर्ध्या मीटरवर ठेवून नोंदवा. दोन्ही नोंदी ऐकून किती शब्द कळले नाहीत ते मोजा.